समक्ष पाहून खात्री केली

कागद टाइप होऊन तयार होता. माझी सही तेवढी राहिली होती.

"या इथं," प्राचार्य बिराजदारांनी बोट ठेवलं. बोटाखाली माझं नाव होतं, नावाखाली 'ग्रंथपाल', आणि वर दोन ओळी. अनुसया दगडू कसबे यांचा 'मांजराकाठच्या जात्यावरच्या ओव्या' या शीर्षकाचा लघुप्रबंध महाविद्यालयाच्या ग्रंथालयात उपलब्ध नाही, करिता प्रमाणपत्र देण्यात येत आहे.

समोरच्या खुर्चीत मराठीचे विभागप्रमुख डॉ. देवणीकर बशीत चहा ओतून पीत होते. दाराशी जयमाला टेकाळे उभी होती. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं, आणि तिच्या प्रकल्पाची हिरवी फाइल देवणीकर सरांच्या बशीखाली होती. कव्हरावर चहाचा गोल डाग उमटलेला मला लांबून दिसत होता.

तिनं प्रकल्पात लिहिलं होतं की सरांच्या गाजलेल्या ओव्यांच्या पुस्तकाआधी चौदा वर्षं, त्याच ओव्या, याच महाविद्यालयातल्या एका मुलीनं गोळा करून लिहून ठेवल्या होत्या. सरांचं म्हणणं, असा प्रबंध नव्हताच. पोरीनं मनानं रचला. माझी सही पडली की 'खोटा संदर्भ दिला' असा शेरा, प्रकल्प रद्द आणि वर्ष गेलं. पुढचं वर्ष तिला मिळणार नव्हतं. तिच्या वडिलांनी मुदत एम.ए.पर्यंतचीच दिली होती आणि घरी पाहुणे येऊन पोहे खाऊन जायला लागले होते.

मला राग आला की तो आधी तळहातात येतो. मी हात पदराखाली घेतले आणि चार वाजेपर्यंत वेळ मागितला.

देवणीकर सरांचा आवाज नेहमी गोड. त्याच आवाजात ते म्हणाले की ग्रंथपालाचं काम पुस्तक द्यायचं आणि घ्यायचं. कपाटात पुस्तक नसेल तर नाही म्हणून लिहून द्यायला चार कशाला वाजायला हवेत.

"न बघता मी सही करत नाही, सर," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, माझ्या हट्टाला हसले.

या सगळ्याचं मूळ माझा शनिवारचा तास. पोरं पुस्तकं नेत, मजकूर उतरवून काढत, आणि कुठून घेतलं विचारलं की 'पुस्तकातून' म्हणत. जणू पुस्तक झाडाला लागतं. म्हणून मी प्राचार्यांच्या मागं लागून आठवड्यातला एक तास मिळवला होता. वाचनकक्षात पोरांना बसवायची आणि सांगायची, छापलंय म्हणून खरं धरू नका. कोण सांगतंय, त्याला कुणी सांगितलं, त्यानं स्वतः पाहिलं का, हे विचारत मागं जा. ओढ्याच्या काठानं उलटं चालत जावं, झरा सापडेपर्यंत, तसं. परीक्षेऐवजी मी त्यांना 'माग' काढायला लावायची. आपल्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकातली कुठलीही एक ओळ घ्यायची आणि ती पहिल्यांदा कुठून आली ते शोधायचं. पोरं म्हणायची, मॅडम, आम्हाला काय पोलीस पाटील करता का. देवणीकर सर या तासाला बालवाडी म्हणत.

जयमालानं सरांच्याच पुस्तकातली एक ओवी घेतली.

पीठ पडं भुरूभुरू, जनू चांदनं अंगनात
अनुसया माझी लेक, रेघ ओढीती कागदात

खाली लिहिलं होतं, 'अनामिक. मांजराकाठ.' त्याखाली तळटीप : 'अनुसया म्हणजे अत्री ऋषींची पत्नी, महासाध्वी. लोकमानसात तिचे स्थान मोठे आहे.'

ती पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी आली. तळटिपेवर नख ठेवून म्हणाली, "मॅडम, ती सती असंल तर दळणारी बाई तिला माझी लेक कशी म्हणंल? आणि सतीच्या हातात कागद कुठनं आला?"

माझी आई जात्यावर बसायची. ओवीत नावं घातल्याशिवाय तिला घास जात नसे. जोंधळ्याचा एक घास जात्याच्या तोंडात, एक नाव ओवीच्या. माझं नाव, भावाचं, माहेरच्या म्हशीचंसुद्धा. दळणाऱ्या बाईला देवाच्या आधी आपली लेकरं आठवतात, हे मला माहीत होतं आणि तरी ती तळटीप मी दहा वेळा वाचून पुढं गेले होते. सरांनी लिहिलंय म्हणून. पोरांना जे करू नका म्हणून सांगत होते, तेच.

"माग काढ," मी तिला म्हणाले. "संगणकात नसेल. जुन्या कार्डांच्या कपाटात बघ."

आमच्याकडं पुस्तकाची नोंद तेव्हा तीन कार्डांवर असायची. एक लेखकाच्या नावाचं, एक पुस्तकाच्या नावाचं, एक विषयाचं. लाकडी खण, पितळी मुठी, आत सळईत ओवलेली कार्डं. संगणक आल्यावर ते कपाट जिन्याखाली गेलं होतं. जयमाला तीन दिवस जिन्याखाली बसली. चौथ्या दिवशी केसांत जाळी घेऊन वर आली. 'ओव्या' या विषयाच्या खणात एक कार्ड होतं. 'कसबे, अनुसया दगडू. मांजराकाठच्या जात्यावरच्या ओव्या. एम.ए. लघुप्रबंध, १९८६. दाखल क्रमांक ११४२७.'

अक्षर माझंच होतं. नोकरीतलं माझं दुसरं वर्ष, शाईचं पेन, टपोरं अक्षर. कार्ड हातात घेतलं आणि ती मुलगी समोर उभी राहिली. खिडकीशेजारच्या बाकावर बसायची. मांजरा नदीपलीकडून चालत यायची. प्रबंधाची प्रत जमा करायला आली तेव्हा तिनं ती दोन्ही हातांनी दिली होती, तान्हं मूल द्यावं तशी, मानेखाली हात धरून.

प्रबंध हाती लागला नव्हता, पण कार्डावरचं नाव आणि ओवीतलं नाव एकच, एवढ्यावर जयमालानं ते सगळं प्रकल्पात लिहिलं. तिचं ऐकून मी खूश झाले होते. त्याचं पुढं काय होईल ते मला कळायला हवं होतं. तिला नव्हतं कळत, ती बावीस वर्षांची होती.

प्राचार्यांच्या खोलीतून बाहेर पडले तेव्हा सव्वाबारा झाले होते. जयमाला माझ्यामागून चालत होती. अर्ध्या मैदानात ती थांबली.

"मॅडम, तुमी सही करणार?"

"पुस्तक शोधणार."

"आणि नाही सापडलं तर?"

मी पुढं चालू लागले. ती म्हणाली, "तुमीच म्हणालात ना, झऱ्यापर्यंत जा म्हणून. मी गेले. आता तिथं उभी आहे मी एकटी." आवाज चढलेला नव्हता. माझ्या कानशिलात मारली असती तर बरं वाटलं असतं.

ग्रंथालयात किसनराव होते. परिचर, माझ्याआधीपासूनचे. पुस्तकाच्या वासावरून कपाट सांगणारा माणूस. आम्ही प्रबंधांचं कपाट रिकामं केलं. नव्हताच. मग दाखल नोंदवही काढली. ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक त्या वहीत क्रमांकानं जन्माला येतं आणि गेलं की त्याच ओळीत मरतं. चौथा खंड, ११४२७. ओळीवर तांबड्या शाईची रेघ. शेऱ्याच्या रकान्यात 'निर्लेखित. वाळवी. १२ मार्च १९९८.' म्हणजे वाळवी लागली म्हणून बाद केलेलं.

जयमाला माझ्या खांद्यावरून वाचत होती. मी तिला किसनरावांबरोबर जिन्याखाली पाठवलं, बाकीचे खण बघायला. खरं म्हणजे मला एकटं राहायचं होतं. मग देवघेवीची जुनी वही उघडली. कुणी काय नेलं, कधी आणलं. ११४२७ च्या पुढं एकच नाव होतं. य. रा. देवणीकर. नेलं, ऑगस्ट १९९७. परत आणल्याचा रकाना कोरा.

तो कोरा चौकोन मी कितीतरी वेळ बघत होते. वाळवीनं खाल्लं म्हणून ज्या दिवशी लिहिलं, त्या दिवशी ते पुस्तक ग्रंथालयात नव्हतंच. ते सरांच्या घरी होतं. दोन वर्षांनी सरांचं पुस्तक आलं. राग तळहातातून कोपरापर्यंत चढला. हा माणूस दर जागतिक महिला दिनाला माईक धरून 'माझ्या अनामिक आयाबहिणी' म्हणायचा आणि सभागृह टाळ्या वाजवायचं. मीही वाजवल्या होत्या.

मग निर्लेखनाची फाइल काढली. त्या वर्षी विद्यापीठाची समिती यायची होती, जुनी कपाटं आठवड्यात साफ करायची होती. प्रत्येक विभागानं बाद करायच्या पुस्तकांची यादी दिली होती. मराठीच्या यादीत दोनशे बारा नावं टाइप केलेली आणि तळाशी, दोनशे तेरावं, हातानं लिहिलेलं. अक्षर देवणीकर सरांचं. त्याखाली प्रमाणपत्र, छापील: 'वरील सर्व ग्रंथ समक्ष पाहून, ते वाचनास निरुपयोगी झाल्याची खात्री केली आहे.'

त्याखाली सही.

सही माझी होती.

सर का हसले ते मला तेव्हा कळलं.

दोनशे तेरा पुस्तकं. एकही उघडून पाहिलं नव्हतं मी. संध्याकाळचे सहा वाजले होते, बस साडेसहाची होती, यादी समोर आली, मी पेन उघडलं. एवढंच. जिचं कार्ड मी हौसेनं रेघा आखून लिहिलं होतं तिचा प्रबंध मी एका वळणदार सहीनं मारला होता, आणि दहा वर्षं मला त्याचा पत्ता नव्हता. इतका वेळ जो राग सरांच्या दिशेनं धावत होता तो वळला आणि माझ्या अंगावर आला. जागा सोडून पळावं असं वाटलं. पण पळून जायला ग्रंथालयाला एकच दार असतं.

किसनराव वर आले. मी त्यांना विचारलं, पुस्तक बाद केलं की तिन्ही कार्डं काढायची असतात, मग हे विषयाचं कसं राहिलं.

ते डोकं खाजवत म्हणाले, "तुमीच म्हणलात की तवा. लेखकाचं काढ, नावाचं काढ, विषयाचं मागून बघू. घाई होती. मागून काय कुणी बघितलं न्हाई." मग म्हणाले, "चुकलंच ते."

दोनशे तेरा पुस्तकांची विषयाची कार्डं त्या कपाटात अजून तशीच होती. मेलेल्या पुस्तकांची जिवंत कार्डं. माझ्या घाईनं पुस्तक गेलं आणि माझ्याच आळसानं त्याचा माग राहिला. यात माझं पुण्य काहीच नव्हतं.

पावणेचारला देवणीकर सर मला व्हरांड्यात भेटले. वाटच बघत होते. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळू आवाजात म्हणाले, "फाइल काढलीच असेल तुम्ही. सही कुणाची आहे तेही बघितलं असेल. दहा वर्षं राहिलीत ना निवृत्तीला? मग कशाला. तिला म्हणावं माफी माग, मी पास करतो. कुणाचंच काही जायला नको."

"अनुसयाचं गेलं त्याचं काय?" मी विचारलं.

"कोण अनुसया?" ते म्हणाले.

एवढं म्हणायला नको होतं त्यांनी. तोपर्यंत मी घाबरलेली होते, खरं सांगते. वही दाखवू, सही झाकू, असं काहीतरी मनात चाललं होतं. त्या दोन शब्दांनी ते सगळं झडून गेलं.

प्राचार्यांच्या खोलीत गेल्यावर मी आधी जयमालाला खुर्ची ओढून दिली. मग टाइप केलेला कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसले. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. दाखल क्रमांक ११४२७ चा लघुप्रबंध १९८६ साली या ग्रंथालयात दाखल झाला. ऑगस्ट १९९७ मध्ये तो डॉ. य. रा. देवणीकर यांनी नेला. परत केल्याची नोंद नाही. मार्च १९९८ मध्ये त्यांनी तो वाळवी लागलेल्यांच्या यादीत हातानं लिहिला. मी तो न पाहता, पाहिला असं खोटं प्रमाणपत्र दिलं. जयमाला टेकाळे हिनं दिलेला संदर्भ खरा आहे. खोटी माझी सही आहे.

बिराजदार सरांनी चष्मा काढला. "मॅडम, हे मागं घेता येईल तुम्हाला. अजून आवक नंबर पडलेला नाही."

"पाडा," मी म्हणाले.

देवणीकर सर उठले. जाताना त्यांनी बशीखालची फाइल उचलून जयमालाच्या पुढं टाकली. तिनं कव्हरावरचा चहाचा डाग ओढणीनं पुसला, पुन्हा पुसला. तो गेला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात कुणाचं समाधान नाही. जयमालाचा प्रकल्प बाहेरच्या परीक्षकाकडं गेला आणि ती पास झाली. माझ्या सेवापुस्तकात ताशेरा आला, तो योग्यच होता. शनिवारचा तास बंद झाला. सरांवर चौकशी समिती बसली, तिचं काम त्यांच्या निवृत्तीपर्यंत चाललं आणि निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल मिळाली. त्या समारंभाला मी गेले नाही. किसनराव गेले होते. म्हणाले, भजी थंड होती.

पण मला सांगायचं आहे ते त्याच आठवड्यातल्या रविवारचं. अनुसया कसबे कुठं असते ते किसनरावांना ठाऊक होतं. नदीपलीकडच्या गावात, तिथल्याच शाळेत शिकवत होती. मी आणि जयमाला सकाळच्या जीपनं गेलो. पत्र्याचं घर, पुढं शेणानं सारवलेली ओसरी, भिंतीला टेकवून उभी केलेली जात्याची वरची तळी. अनुसया दारात आली. पंचेचाळिशीची, केस कानाजवळ पिकलेले. मला तिनं ओळखलं. आत या म्हणाली नाही.

मी ओसरीच्या खालीच उभी राहून सगळं सांगितलं. सर, वही, यादी, माझी सही. आठवणीनं सोबत आणलेलं विषयाचं कार्ड तिच्या हातात दिलं. ती कार्ड बघत राहिली. मी म्हणाले, माझं चुकलं.

"सरांचं पुस्तक मी बघितलंय," ती म्हणाली. "आठ वर्षं झाली. वाटायचं, ग्रंथालयात माझी प्रत आहे. कधीतरी कुणीतरी दोन्ही शेजारी ठेवून बघंल. त्या एका भरवशावर गप बसले." मग माझ्याकडं मान वर करून बघितलं. "आईनं गायलं. मी लिव्हलं. सरांनी छापलं. त्यांना चोर म्हणता येतं मला. तुमाला काय म्हणू मॅडम? वाळवी म्हणू?"

जयमाला काहीतरी बोलायला गेली, मी तिचा हात दाबला.

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं बाड होतं. कार्बन लावून टाइप केलेली, तिची स्वतःची प्रत. निळसर फिकट अक्षरं. मी दोन्ही हात पुढं केले.

"तसं न्हाई," ती म्हणाली. "पावती लिहून द्या. मिळाली म्हणून. पण आधी वाचा. समक्ष बघा, खात्री करा. मग सही."

मी पिशवीतून चष्मा काढला आणि ओसरीच्या पायरीवर बसले. पहिल्या पानापासून. सकाळचे दहा वाजले असतील. अनुसया जोंधळे निवडायला बसली. जयमालानं तिच्यासमोर बसून सुपात हात घातला, तिनं घालू दिला. एकेचाळिसाव्या पानावर ती ओवी आली. मी थांबले तसं, सुपातली नजर न काढता, अनुसया म्हणाली, "शाळेत घातलं तवाची हाय ती. पाटी नव्हती म्हणून कागदावर रेघा ओढायची मी. पुढं वाचा."

ऊन पायरीवरून माझ्या पायांवर आलं, गुडघ्यांवर आलं. एकशे बारा पानं संपली तेव्हा दुपार टळत आली होती. मी पावती लिहिली आणि पेन टेकवणार इतक्यात ती म्हणाली, "मागची यादी ऱ्हायली."

शेवटच्या तीन पानांवर ओव्या सांगणाऱ्या बायकांची नावं होती. नाव, नवऱ्याचं नाव, गाव, वय. सरांच्या पुस्तकात या सगळ्या मिळून एकच बाई होती, अनामिक.

"मोठ्यानं वाचा," अनुसया म्हणाली.

"गयाबाई दगडू कसबे," मी वाचलं.

"गेली," ती म्हणाली.

"सोजरबाई मारुती गायकवाड."

"गेली."

"रशीदबी चाँदसाब शेख."

"हाय. डोळे गेलेत. अजून म्हणती."

"भागूबाई तुकाराम टोंपे."

"गेली."

वर्गात हजेरी घ्यावी तसं चाललं होतं, फक्त हजेरी मी घेत होते आणि उत्तरं ती एकटीच देत होती. एकतीस नावं होती. एकदा एक फिकट नाव मला लागेना, तिनं थांबून वाट पाहिली. मदत केली नाही. शेवटचं नाव झालं तेव्हा सुपातले जोंधळे कधीचेच निवडून झाले होते.

"हं," ती म्हणाली. "आता करा सही."